दोन ब्रास खजिना, साडेतीन हजार ब्रास खड्डा

इंदापूर तालुक्यातली एक विहीर घेऊ. चाळीस फूट रुंद, पन्नास फूट खोल. वर मुरूम, खाली काळा पाषाण. यारी लावायची, सुरुंग उडवायचे आणि दगड बादलीबादलीने वर काढून काठावर ढीग रचायचा. त्या ढिगाचा हिशेब आपल्याकडे पोरासोरांनाही ब्रासमध्ये कळतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. मग ही विहीर भरीव मापाने किती ब्रासची झाली? तब्बल ६२८ ब्रासची! हा आकडा लक्षात ठेवा. जगातला सगळ्यांत गाजलेला पुरलेला खजिना आपल्याला याच विहिरीने मोजायचा आहे.

तो खजिना आहे कॅनडात. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या महोन बे उपसागरात ओक आयलंड नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ १४० एकर, म्हणजे आपल्या भाषेत ५,६०० गुंठे. १७९५ साली डॅनियल मॅक्गिनिस नावाच्या तरुणाला तिथे जमिनीत एक खोलगट जागा दिसली. त्याने दोन सवंगडी गोळा केले आणि खोदायला सुरुवात केली. दहा फुटांवर ओक लाकडाच्या ओंडक्यांचा थर लागला. वीस फुटांवर पुन्हा तसाच थर, तिसावर पुन्हा. तिथे पोरं दमली. पुढे १८०४च्या सुमारास एक कंपनीच उभी राहिली आणि थेट नव्वद फुटांपर्यंत गेली. तिथे म्हणे कोरीव खुणांचा एक दगड मिळाला. आणखी चाळीस फुटांखाली वीस लाख पौंड पुरलेले आहेत, असा त्या खुणांचा अर्थ पुढे कुणीतरी लावला. आणि मग रातोरात खड्ड्यात पाणी भरलं. थोडंथोडकं नव्हे, साठ फूट! खड्ड्याची रुंदी तेरा फूट धरली, तर हे पाणी होतं सव्वादोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे बावीस टँकर! इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातल्या गावाला उन्हाळ्यात एवढं पाणी मिळालं, तर लोक पेढे वाटतील. तिथे मात्र त्या पाण्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

या सगळ्या हकिकती छापून आल्या त्या साठेक वर्षांनी. त्यामुळे किती दगड आणि किती दंतकथा, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपण हकिकत जशीच्या तशी खरी धरू आणि फक्त मोजू.

तेरा फूट रुंद आणि नव्वद फूट खोल खड्डा म्हणजे १२० ब्रास. फक्त १२०! आपली विहीर ६२८ची. एका विहिरीच्या मातीदगडात ओक आयलंडचे असे पाच खड्डे निघतील आणि वर थोडी भर उरेल. दोनशे वर्षं जगाने ज्या खड्ड्याकडे आ वासून पाहिलं, जो खणायला शेकडो माणसं आणि अफाट अक्कल लागली असेल असं मानलं, त्याच्या पाचपट काम इथला शेतकरी सोसायटीचं कर्ज काढून, पाहुण्यारावळ्यांकडून हातउसने घेऊन करतो. आणि तेही काळ्या पाषाणात!

तर हा १२० ब्रासचा खड्डा खणला कुणी? दोनशे वर्षं एक नाव हमखास पुढे केलं जातं, ते म्हणजे समुद्री चाचे. त्यातही कॅप्टन विल्यम किड. लूट भरून जहाज आलं, निर्जन बेट दिसलं, खड्डा खणला, सोनं पुरलं आणि गेले. ऐकायला झकास वाटतं. पण प्रश्न असा, की चाच्यांकडे पुरण्याइतका माल तरी होता का? एवढा खड्डा भरायला लूट किती लागेल?

चला, चाच्यांच्या सगळ्यांत मोठ्या लुटींपैकी एक आणू. ती शोधायला कॅनडाला जायची गरज नाही. ती आपल्याच अरबी समुद्रातली.

सप्टेंबर १६९५. गंज-ई-सवाई हे मुघलांचं जहाज हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परत निघालं होतं. सुरत बंदरात याच्याहून मोठं जहाज नव्हतं. त्यावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या, असं इतिहासकार खाफीखान लिहितो. समोरून आला हेन्री एव्हरी हा इंग्रज चाचा. त्याच्या फॅन्सी जहाजावर ४६ तोफा आणि दीडशेच्या आसपास माणसं. जिंकायला हवं होतं गंज-ई-सवाईने. पण तिची एक तोफ डेकवरच फुटली, शत्रूच्या गोळ्याने डोलकाठी मोडली आणि चाचे वर चढले. पुढे कित्येक दिवस लूटमार चालली. यात्रेकरू स्त्रियांवर अत्याचार झाले, काहींनी अब्रू वाचवायला जीव दिला. पुढचे सगळे आकडे वाचताना हे विसरू नये. या खजिन्याची किंमत आधी त्या बायकांनी मोजली आहे.

लूट किती? खाफीखानाचा आकडा आहे ५२ लाख रुपये.

१६९५ सालचे ५२ लाख! त्या काळी नोकरमाणसाला महिना तीन-चार रुपये पगार असे. चार धरू. अशा एका माणसाला ५२ लाख रुपये कमवायला किती वर्षं लागतील? एक लाख आठ हजार वर्षं. रामायण-महाभारत तर राहू द्याच, शेतीचाही शोध लागला नव्हता तेव्हापासून त्याने कामाला लागायला हवं होतं!

सगळी रक्कम चांदीच्या रुपयांत धरू. औरंगजेबाचा रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. गुणाकार करा. साठ टन चांदी! किलोला एक लाख भाव धरला, तर ६०० कोटी रुपये. हेच रुपये कडेला कड लावून रस्त्यावर मांडत गेलो, तर पुण्याहून निघालेली रांग खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलला पोचेल. मुंबई-पुणे अंतराचा मोठा भाग नुसत्या रुपयांनी झाकलेला! उलट्या दिशेने मांडली तर पुणे, बारामती आणि वर भवानीनगर. सुमारे १२० किलोमीटर! दर सेकंदाला एक रुपया मोजायचा, दिवसाचे आठ तास मोजायचा, एकही सुट्टी घ्यायची नाही, तरी मोजणी संपायला सहा महिने.

ही बातमी बादशहाला कुठे कळली, ठाऊक आहे? दिल्लीत नाही. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती ब्रह्मपुरीला, मंगळवेढ्याजवळ माचणूरला, भीमेच्या काठी. इंदापूरच्या शिवेवरून जाणारी हीच भीमा पुढे पंढरपूर ओलांडून माचणूरला पोचते. इंदापूरपासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मराठ्यांना संपवायला आलेला बादशहा भीमाकाठी तंबू ठोकून बसलेला आणि तिकडे समुद्रात त्याचं सगळ्यांत मोठं जहाज दीडशे चाच्यांनी नागवलेलं! मुघलांनी सुरतेतल्या इंग्रजांना बेड्या ठोकल्या. ईस्ट इंडिया कंपनीची पाचावर धारण बसली. एव्हरीच्या डोक्यावर एकूण हजार पौंडांचं इनाम लागलं. काही साथीदार सापडले, पाच जण १६९६मध्ये फासावर गेले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुढे याच इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणून टाकलं. कान्होजी मराठ्यांचे सरखेल होते, आपल्या किनाऱ्यावर आपल्या राज्याचा परवाना मागत होते. यात्रेकरूंचं जहाज लुटणारा एव्हरी आणि आपली हद्द राखणारे कान्होजी यांना एकाच शब्दात बसवणारा इतिहास आपण तरी पाठ करू नये.

आता परत मोजमापाकडे. साठ टन चांदी ऐकली की डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. पण चांदी जड असते, जागा थोडी घेते. साठ टन म्हणजे मालगाडीची एक वाघीण. दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या लांबलचक गाडीतली फक्त एक! ऊसवाहतुकीच्या हिशेबात सांगायचं तर दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरच्या तीन खेपा. आणि जागा? वितळवून ओतली तर फक्त दोन ब्रास.

दोन ब्रास! चाच्यांच्या सगळ्यांत मोठ्या लुटींपैकी एक आपल्या विहिरीत ओतली, तर तळाशी थर किती जाडीचा होईल? दोन इंच! पन्नास फूट खोल विहीर आणि तळाला दोन इंच चांदी. गुडघा सोडा, घोटासुद्धा बुडणार नाही.

आणि ओक आयलंडचा खड्डा १२० ब्रासचा. तो भरायचा तर एव्हरीला साठ वेळा गंज-ई-सवाई लुटावी लागली असती. एका लुटीने मुघल बादशहा पेटून उठला, सुरतेचा व्यापार हादरला. तशा साठ कुठून आणणार?

शिवाय ही लूट एकाच्या हातात राहिलीच नाही. चाच्यांच्या जहाजावर वाटणी ठरलेली असे आणि ती तिथल्या तिथे व्हायची. एव्हरीच्या माणसांना दरडोई हजार पौंड मिळाले असं सांगतात. पौंडाला आठ रुपये धरले तर आठ हजार रुपये, म्हणजे ९२ किलो चांदी. माणसाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त! साखरेच्या जवळजवळ दोन पोत्यांच्या वजनाची चांदी प्रत्येकाच्या पाठीवर. साधा खलाशी साठेक वर्षं राबून जेवढं कमावेल, तेवढं एका हप्त्यात. आता सांगा, असा माणूस ते पोतं कप्तानाच्या हवाली करून, थंड उत्तरेत जाऊन, नव्वद फूट खड्डा खणून पुरेल का? ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आयर्लंडमध्ये, जिथे वाट फुटेल तिथे पांगले. २०१४मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, मिडलटाउनच्या एका शेतात, येमेनमध्ये १६९३ साली पाडलेलं चांदीचं नाणं सापडलं. पुढे आसपासच्या राज्यांतही अशी अरबी नाणी मिळाली. एव्हरीच्या माणसांनी ती तिथे आणून खर्चली असावीत, असं शोधणाऱ्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. एक-एक नाणं, विखुरलेलं.

पण किडचं काय? त्याने तर खरोखर पुरलं होतं!

हो, पुरलं होतं. जानेवारी १६९८मध्ये किडने कोचीनजवळच्या समुद्रात क्वेदा मर्चंट हे मालाने भरलेलं जहाज पकडलं. १६९९मध्ये तो अमेरिकेला पोचला, न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर थोडा माल पुरला आणि बॉस्टनला पकडला गेला. त्याच वर्षी सरकारने सगळं उकरून काढलं, ठिकठिकाणचा माल एकत्र केला आणि यादी केली. चाच्याने पुरलेल्या धनाची खरीखुरी, सरकारी, कागदोपत्री यादी! सोनं १,१११ औंस, चांदी २,३५३ औंस, थोडे हिरेमाणके, कापडाचे गठ्ठे आणि साखरेची ५७ पोती.

साखर! चाच्यांच्या खजिन्यात साखर! बारामतीकरांनी आणि इंदापूरकरांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर; आपला सगळा मुलूखच साखरेवर उभा. रोज साडेसात हजार टन ऊस गाळणारा कारखाना धरा, उतारा अकरा टक्के धरा. दिवसाला पन्नास किलोची साडेसोळा हजार पोती पडतात, म्हणजे मिनिटाला अकराच्या वर. आजच्या पोत्याने मोजली, तर कॅप्टन किडच्या खजिन्यातली सगळी साखर असा कारखाना पाच मिनिटांत भरून, शिवून, थप्पीला लावील! हंगामात फडावर कोयता चालतो, रात्रभर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, त्यातल्या पाच मिनिटांचा माल.

आता सोनं. १,१११ औंस म्हणजे साडेचौतीस किलो. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर सुमारे साडेतीन हजार तोळे. तोळ्याला लाख रुपये धरले तर चौतीस-पस्तीस कोटी. लग्नाच्या याद्यांवर एकेका तोळ्यासाठी ताणाताणी होते तिथे साडेतीन हजार तोळे! पण वितळवून ओता बरं. पावणेदोन लिटर! दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीत जगप्रसिद्ध चाच्याचं सगळं सोनं मावतं आणि वर टोपणाला जागा उरते. चांदी आणखी सात लिटर. एका बादलीत सगळा ऐवज! हा खजिना पुरायला १२० ब्रासचा खड्डा कशाला लागतो? हातभर खड्डा पुरला असता.

मग किडचं नाव इतकं का चिकटलं? १७०१ साली फाशीच्या दारात उभं असताना त्याने एक पत्र लिहिलं. मला सोडा, एक लाख पौंडांचा माल मी लपवला आहे, तो आणून देतो, असा त्याचा मजकूर. सोडलं कुणी नाही. मे महिन्यात लंडनला थेम्सच्या काठी फाशी झाली. माणूस गेला, आकडा मागे राहिला. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मालोजीराजे भोसल्यांना वेरूळला गुप्तधन सापडल्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्याच मालोजीराजांची गढी इंदापुरात आहे आणि त्यांनी इथेच देह ठेवला. तलवारीने मिळवलेली पुणे-सुप्याची आणि इंदापूरची जहागीर लोकांना दिसते, पण कथेत येतो तो सोन्याने भरलेला हंडा.

चाच्यांच्या विरुद्ध आणखी एक साक्षीदार आहे आणि तो कोकणवाल्यांच्या ओळखीचा आहे. काथ्या! ओक आयलंडच्या किनाऱ्याजवळ जमिनीखाली नारळाचा काथ्या सापडला. नारळाचा मुलूख तिथून दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या तेरापट दूर. म्हणजे तो जहाजातून आला असणार. ‘बघा, चाचे!’ असं ओरडायला लोक तयारच होते. मग शास्त्रज्ञांनी काथ्याचं वय काढलं. इ.स. १२०० ते १४००च्या दरम्यानचा निघाला! किड जन्मला सतराव्या शतकाच्या मध्याला. त्याच्या जन्माआधी अडीचशे वर्षं झाडावरून उतरलेल्या नारळाचा काथ्या तो कसा अंथरणार? काथ्याचं कोडं कायम आहे, पण चाच्यांवर त्याचं खापर फोडता येत नाही. पाण्याचंही तेच. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरविज्ञान संस्थेने १९९५मध्ये तपासणी केली. भरती-ओहोटी आणि जमिनीखालचं पाणी यांच्या खेळाने खड्डा आपोआप भरत असावा, असा निष्कर्ष निघाला. समुद्राचं पाणी आत आणायला बोगदा खणणाऱ्या कुणा हुशार चाच्याची गरजच नाही.

तरी माणसं खणत राहिली. १९०९च्या मोहिमेत एक तरुण वकील होता फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. १८६१, १८९७ आणि १९६५, तीन अपघातांत मिळून सहा माणसं गेली. त्यांतली चार एकाच दिवशी, १९६५च्या ऑगस्टमध्ये. खड्ड्यातल्या वायूने रॉबर्ट रेस्टॉल कोसळले, वाचवायला मुलगा उतरला, त्याच्यामागे आणखी दोघे. विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस आणि त्याच्यामागे उतरलेला भाऊ अशी बातमी आपणही वाचतो. दोरीला कंदील बांधून आधी खाली सोडा, असं जुनी माणसं सांगायची ती याचसाठी.

त्याच वर्षी रॉबर्ट डनफील्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ बेटावर आला. त्याने मुख्य भूमीपासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकून रस्ताच केला आणि त्यावरून सत्तर टनी क्रेन आणली. आणि खड्डा केला १०० फूट रुंद, १३४ फूट खोल!

आता धरा श्वास रोखून. हा खड्डा खाली निमुळता होत गेला असं धरू, उगाच फुगवायला नको. तरी साडेतीन हजार ब्रास! आपल्या साडेपाच विहिरींहून जास्त. चार ब्रासच्या डंपरच्या पावणेनऊशे खेपा. आणि हे कशासाठी? बादलीभर मालासाठी! फार तर दोन ब्रास चांदीसाठी!

पण थांबा, अजून मोठी मजल आहे. १५०० ते १८०० या तीनशे वर्षांत स्पेनच्या अमेरिकेतल्या खाणींतून, पोतोसीपासून मेक्सिकोपर्यंत, सुमारे दीड लाख टन चांदी निघाली असा इतिहासकारांचा ढोबळ अंदाज आहे. तीनशे वर्षं, लाखो मजूर, डोंगरच्या डोंगर पोखरलेले! आपला साडेसात हजार टनी कारखाना तेवढ्याच वजनाचा ऊस वीस दिवसांत गाळतो. आणि जागेत मोजली तर ही सगळी चांदी आपल्या आठ विहिरींत बसते. डनफील्डच्या एकट्या खड्ड्यात तिच्यातली सत्तर टक्के मावेल.

आणि सोनं? माणसाने आजवर पृथ्वीतून काढलेलं सगळं सोनं! फारोह राजांच्या मुखवट्यांपासून रिझर्व्ह बँकेच्या विटांपर्यंत, पेठेतल्या सराफाच्या कपाटापासून आजीच्या पाटल्यांपर्यंत, वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या अंदाजाने सुमारे २ लाख १६ हजार टन. मालगाडीत भरलं तर ३,६०० वाघिणी, अठ्ठावन्न वाघिणींच्या बासष्ट गाड्या. एकामागे एक उभ्या केल्या तर दौंड ते बारामती हा अख्खा लोहमार्ग जवळपास भरून जाईल. एवढं वजन! पण वितळवून ओतलं तर आपल्या सहा विहिरी काठोकाठ आणि सातवीत पंधरा फूट. संपलं! फारोहपासून आजीपर्यंतचं सगळं सोनं साडेसहा विहिरींच्या आत!

त्यातलं जवळपास नव्वद टक्के डनफील्डच्या त्या एका खड्ड्यात मावलं असतं. जगातल्या सोन्याचे दहातले नऊ हिस्से गिळू शकेल एवढं तोंड जमिनीला पाडलं, आणि चाच्यांचा एक पेटाराही त्यातून वर आला नाही.